शिकारी रायफल बांधून घेताना: भाग, परिभाषा आणि सांधे

अमेरिकेत दुकानातून उचललेली साधी बोल्ट-ॲक्शन रायफलसुद्धा आज चांगल्या काडतुसांबरोबर १०० यार्डांवर दीड इंचाच्या आत गोळ्या घालते. तरीही अनेक शिकारी स्वतःची रायफल बांधून घेतात. कुणाला अंगाला बसणारा दस्ता हवा असतो, कुणाला एका विशिष्ट गोळीसाठी विशिष्ट नळी, तर कुणाला दहा हजार फूट उंचीवर दिवसभर खांद्यावर वागवता येईल असं वजन. या कामात पैसे बुडतात ते बहुधा हलक्या दर्जाचे भाग निवडल्यामुळे नव्हे, तर उत्तम भाग एकमेकांशी न जुळल्यामुळे. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या धातूच्या सांगाड्याला) टेकतो, नळी रिसीव्हरला, रिसीव्हर दस्त्याला, दुर्बीण रिसीव्हरला आणि दस्ता तुमच्या खांद्याला. रायफलीचा नेमकेपणा या पाच सांध्यांत टिकतो किंवा हरवतो. प्रत्येक भाग निवडताना तो कुठे टेकणार आहे हे विचारलं, की निम्मी परिभाषा आपोआप कळते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. हा लेख अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरण कोलोरॅडोतल्या एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि म्यूल डिअर (त्याहून लहान हरीण) यांच्या शिकारीचं घेतलं आहे.

आधी सावज, मग काडतूस

सुरुवात ॲक्शनपासून, म्हणजे काडतूस भरून उडवणाऱ्या यंत्रणेपासून, करू नका. सावज, अंतर आणि वजन आधी कागदावर लिहा. कोलोरॅडोच्या नियमांनुसार मोठ्या सावजासाठी सेंटरफायर रायफलच्या (जिचं काडतूस बुडाच्या मध्यावर आघाताने पेटतं) नळीचा आतला व्यास किमान .२४ इंच आणि नळी किमान १६ इंच लागते. गोळी लागल्यावर पसरणारी हवी, हरणासाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन. १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी लागते. हा कायद्याचा किमान उंबरठा झाला. एल्कसाठी जाणते शिकारी १३० ते १८० ग्रेनच्या, मजबूत बांधणीच्या गोळ्या वापरतात. नियमांची पुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, ती त्या वर्षीचीच वाचा.

काडतुसांची नावं फसवी असतात. .३०-०६ स्प्रिंगफील्डमधला ०६ म्हणजे १९०६ साल. .३०-०६, .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या तिन्हींची गोळी .३०८ इंच व्यासाचीच असते. .२७० विंचेस्टरची गोळी मात्र .२७७ इंच, ६.५ क्रीडमूरची .२६४ इंच आणि ७ मिलिमीटर काडतुसांची .२८४ इंच. नावाऐवजी तीन आकडे पाहा: गोळीचा व्यास, काडतुसाच्या बुडाचा व्यास आणि पूर्ण काडतुसाची कमाल लांबी. पहिल्यावरून नळी ठरते, दुसऱ्यावरून बोल्टचं तोंड आणि तिसऱ्यावरून ॲक्शन व मॅगझिन (काडतुसं ठेवायची पेटी).

यानंतर धक्क्याचा हिशेब करा. आठ पौंडांच्या रायफलीत मागे येणारी ऊर्जा साधारण अशी निघते: ६.५ क्रीडमूर १३ फूट-पौंड, .३०८ विंचेस्टर १७, .३०-०६ २२ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम ३२. तीच मॅग्नम साडेसहा पौंडांच्या हलक्या रायफलीत घातली तर आकडा ४० च्या घरात जातो. इतक्या धक्क्याने बहुतेकांचा हात चाप ओढण्याआधीच आखडतो आणि गोळी भलतीकडे जाते. हलकी रायफल आणि मोठं काडतूस ही जोडी कागदावर देखणी दिसते, पण सराव कमी असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तीनशे यार्डांच्या आतल्या शिकारीला .३०८, ७ मिलिमीटर-०८, .२७० किंवा .३०-०६ यांत काहीही कमी पडत नाही.

ॲक्शन: कायद्याच्या नजरेतली खरी बंदूक

रिसीव्हर, बोल्ट आणि त्यांची यंत्रणा मिळून ॲक्शन होते. रिसीव्हरवर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि अमेरिकी केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने तोच बंदूक ठरतो. म्हणून नवी ॲक्शन परवानाधारक विक्रेत्यामार्फत, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरूनच घ्यावी लागते. नळी, दस्ता आणि ट्रिगर (चापाची यंत्रणा) यांना केंद्रीय कायद्याची तशी अट नाही. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना हा त्यांपैकी एक. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. सुटे भाग मागवण्याआधी हे तपासून घ्या, कारण नळीवर चेंबर (काडतूस बसतं तो मागचा कप्पा) कापून झाल्यावर ती परत घेतली जात नाही.

लांबीनुसार ॲक्शनचे तीन प्रकार व्यवहारात चालतात. शॉर्ट ॲक्शन .३०८ कुळासाठी (कमाल लांबी २.८१० इंच) आणि ६.५ क्रीडमूरसाठी (२.८२५ इंच). लाँग ॲक्शन .२७०, .३०-०६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमसाठी (३.३४० इंच). मॅग्नम लांबीची ॲक्शन .३७५ एच अँड एच सारख्या ३.६०० इंची काडतुसांसाठी. सगळ्यात जास्त घोटाळा ६.५ पीआरसी या काडतुसाचा होतो. त्याची कमाल लांबी २.९५५ इंच आहे. ते ‘शॉर्ट ॲक्शनचं काडतूस’ म्हणून विकलं जातं, पण अनेक शॉर्ट मॅगझिन आतून जेमतेम २.८५ इंचाची असतात. काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, मग गोळी आत ढकलावी लागते आणि ज्या लांब गोळीसाठी हे काडतूस घेतलं तिचाच फायदा जातो. मॅगझिनची आतली लांबी विचारल्याशिवाय पीआरसीसाठी ॲक्शन ठरवू नका.

बोल्टचं तोंड काडतुसाच्या बुडाला बसतं. .३०८ आणि .३०-०६ या दोन्ही कुळांना .४७३ इंच व्यासाची कड लागते, मॅग्नमांना .५३२ इंच. त्यामुळे .३०८ च्या ॲक्शनवर पुढे .२४३, ७ मिलिमीटर-०८ किंवा ६.५ क्रीडमूरची नळी चढवता येते आणि बोल्ट तोच राहतो. मॅग्नमकडे जायचं तर बोल्टही बदलावा लागतो.

‘फूटप्रिंट’ म्हणजे रिसीव्हरचा तळ, स्क्रूंमधली अंतरं आणि ट्रिगरची बैठक. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० चा फूटप्रिंट आज बाजाराचा प्रमाण आकार झाला आहे. मागणीनुसार ॲक्शन बनवणारे बहुतेक कारखाने तोच ठेवतात, त्यामुळे दस्ते, ट्रिगर आणि बॉटम मेटल (रिसीव्हरखाली मॅगझिन धरणारा धातूचा भाग) सहज मिळतात. पहिलीच रायफल बांधणाऱ्याने या आकाराबाहेर जाऊ नये.

फीडचे, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये नेण्याचे, दोन प्रकार आहेत. कंट्रोल्ड राउंड फीडमध्ये जुन्या जर्मन माऊझर ९८ रायफलीसारखा रुंद एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) काडतूस मॅगझिनमधून सुटताक्षणीच त्याची कड पकडतो. अर्धवट बोल्ट ओढून दुसरं काडतूस मागून ढकललं जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. पुश फीडमध्ये बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो आणि शेवटी त्यावर पकड बसवतो. आफ्रिकेत अंगावर येणाऱ्या म्हशीसमोर पहिला प्रकार हवा. हरीण आणि एल्कसाठी दोन्ही सारखेच चालतात, त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

पहिला सांधा इथे येतो. बोल्टच्या दोन लगांनी (बोल्ट मिटल्यावर त्याला अडकवून ठेवणाऱ्या उंचवट्यांनी) रिसीव्हरच्या आतल्या खांद्यावर सारखंच टेकलं पाहिजे. एकच लग टेकत असेल तर काडतूस फुटताना बोल्ट एका बाजूला वाकतो आणि गोळ्या विखुरतात. कारखान्याच्या जुन्या ॲक्शनवर गनस्मिथ, म्हणजे बंदुकीचा कारागीर, रिसीव्हरचं तोंड, लगांचे खांदे, बोल्टचं तोंड आणि आटे एकाच अक्षाला काटकोनात करून घेतो. या कामाला ट्रूइंग किंवा ब्लूप्रिंटिंग म्हणतात. संगणकी (सीएनसी) यंत्रावर कापलेल्या आधुनिक ॲक्शन मुळातच तशा मापाच्या येतात. जुनी रायफल घेऊन ट्रूइंग करायचं की नवी ॲक्शन घ्यायची, हे ठरवताना ट्रूइंगची मजुरी धरून बेरीज करा. बऱ्याचदा नवी ॲक्शनच परवडते.

नळी: पीळ, लांबी, जाडी

नळीच्या आतल्या चऱ्या गोळीला फिरवतात. गोळी पूर्ण एक फेरा जितक्या इंचांत घेते तो पीळ: १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा. फिरणारा भोवरा उभा राहतो तशी फिरणारी गोळी नाक पुढे ठेवून जाते. पीळ गोळीच्या वजनावरून ठरवायचा असं ऐकू येतं, पण खरं माप लांबीचं आहे. ब्रिटिश गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेलं सूत्र अजून अंदाजाला उपयोगी पडतं: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. .३०८ व्यासाची १.२ इंच लांब शिशाच्या गाभ्याची गोळी घेतली तर उत्तर सुमारे ११.९, म्हणजे १:१२ चा पीळ जेमतेम पुरतो. त्याच व्यासाची १.४५ इंच लांबीची गोळी घेतली तर ९.८ येतं आणि १:१२ ची नळी तिला सांभाळू शकत नाही. लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं, तर गोळी आडवी होत चालली आहे असं समजा.

तांब्याच्या गोळ्यांमुळे हा प्रश्न आता सगळ्यांचा झाला आहे. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तितक्याच वजनाची गोळी लांब होते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं वापरता येत नाही. तिथे रायफल न्यायची असेल तर पीळ तांब्याच्या गोळीवरूनच ठरवा. हवेचाही हात असतो: विरळ हवेत गोळी सहज स्थिर राहते, दाट थंड हवेत तिला जास्त फिरकी लागते. कोलोरॅडोच्या उंचीवर ठीक चालणारी लांब गोळी समुद्रसपाटीवरच्या कडक थंडीत डगमगू शकते. म्हणून काठावरचा पीळ घेऊ नका, एक पायरी जलद घ्या. आजच्या चालीप्रमाणे ६.५ क्रीडमूर १:८, .३०८ आणि .३०-०६ १:१०, ७ मिलिमीटर पीआरसी १:८. .२७० परंपरेने १:१० येते. तिच्यासाठी १४० ग्रेनपर्यंतच्या नेहमीच्या गोळ्या वापरणार असाल तर ती पुरेशी आहे. नव्या लांब गोळ्या हव्या असतील तर १:८ सांगून घ्या. हेच नळी बांधून घेण्याचं सर्वांत ठोस कारण आहे.

लांबी कमी केली की दर इंचामागे साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद वेग जातो. .३०८ ला २० ते २२ इंच पुरतात, मॅग्नमला दारू जळायला २४ ते २६ इंच हवेत. सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावणार असाल तर तो तोंडापुढे आणखी सहा-आठ इंच वाढवतो, म्हणून नळी १८ ते २० इंच ठेवा. सप्रेसरला केंद्रीय नोंदणी आणि मंजुरी लागते, आणि काही राज्यांत तो चालतच नाही. १६ इंचांपेक्षा आखूड नळी वेगळ्या, कडक कायद्याखाली जाते. त्या वाटेला जायचं कारण शिकारीत नाही.

जाडीला कंटूर म्हणतात. २४ इंची हलकी स्पोर्टर नळी सुमारे अडीच ते तीन पौंडांची असते. कार्बन फायबर गुंडाळलेली जाड नळी साधारण तितक्याच वजनात जास्त ताठ मिळते, पण किंमत दुप्पट किंवा अधिक होते. शिकारीत दोन-तीन गोळ्या सुटतात, नळी तापायला वेळच मिळत नाही. डोंगरी रायफलीला चांगली पोलादी स्पोर्टर नळी पुरेशी आहे, आणि वाचलेले पैसे दुर्बिणीत घालावेत. पोलाद दोन प्रकारचं येतं: ४१६आर स्टेनलेस आणि ४१४० क्रोम-मोली. पाऊस-बर्फात स्टेनलेस कमी गंजतं, अजिबात गंजत नाही असं नाही. चऱ्या कापून, बटण ओढून किंवा हातोड्याने ठोकून पाडतात. तिन्ही पद्धतींच्या उत्तम नळ्या मिळतात. नळीच्या तोंडावरची कड, म्हणजे क्राऊन, मात्र नीट पाहा. तिथे एका बाजूला ओरखडा असेल तर बाहेर पडणारा वायू गोळीला ढकलतो आणि बाकी सगळं उत्तम असूनही नेम चुकतो.

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचं, वायू बाजूला वळवणारं भोकांचं नळकांडं) धक्का बराच कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या कानाला त्याने कायमची इजा होऊ शकते. ब्रेक लावलात तर शिकारीतही कानसंरक्षण घालावं लागेल, तुम्हाला आणि सोबत्यालाही.

चेंबर आणि हेडस्पेस

नळी रिसीव्हरला आट्यांनी बसते. रेमिंग्टन ७०० मध्ये हे आटे १ १/१६ इंच व्यासाचे आणि इंचाला १६ असतात, आणि दोघांच्या मध्ये रिकॉइल लग नावाची, धक्का दस्त्याला पोहोचवणारी जाड चकती दाबली जाते. या दुसऱ्या सांध्यात हेडस्पेस ठरतो. बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं तिथपर्यंतचं हे अंतर. .३०८ मध्ये काडतूस खांद्यावर अडतं. तिथे ‘गो’ गेज (काडतुसाच्या आकाराचा मापाचा ठोकळा) १.६३० इंच आणि ‘नो-गो’ १.६३४ इंच असतो. मधला फरक चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. बोल्टमधली फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सळई) आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ‘गो’वर बोल्ट हलक्या बोटाने मिटला पाहिजे आणि ‘नो-गो’वर मिटता कामा नये. अंतर कमी असेल तर काडतूस बसत नाही. जास्त असेल तर पितळेची पुंगळी ताणली जाते, बुडाजवळ तडकते आणि वायू मागे, तुमच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे काम लेथ आणि गेज असलेल्या परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या.

.३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या, बुडाशी उंच पट्टा असलेल्या काडतुसांत गेज पट्ट्यावर अडतो, खांद्यापुढे मोकळी जागा उरते. पुन्हा पुन्हा भरलेल्या पुंगळ्या त्यामुळे पट्ट्याच्या थोड्या वर फाटतात. काडतुसं घरी भरणाऱ्याने पुंगळीचा खांदा आपल्या चेंबरला जुळवून घ्यावा.

चेंबरच्या पुढे चऱ्या सुरू होण्यापूर्वीच्या गुळगुळीत भागाला फ्रीबोअर म्हणतात. गनस्मिथ ज्या हत्याराने चेंबर कापतो त्या रीमरवर हे माप ठरलेलं असतं. फ्रीबोअर लांब आणि मॅगझिन आखूड असेल तर गोळीला चऱ्यांपर्यंत मोठी उडी घ्यावी लागते. फ्रीबोअर आखूड असेल तर गोळी चऱ्यांत रुतते, दाब वाढतो आणि न फुटलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच अडकून दारू ॲक्शनमध्ये सांडते. यावरचा उपाय सोपा आहे: जी गोळी वापरणार तिची दोन-तीन डमी काडतुसं, दारू आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) न घालता, मॅगझिनच्या लांबीची बनवून गनस्मिथकडे द्या आणि रीमरचा नकाशा मागून घ्या.

दस्ता आणि बेडिंग

अक्रोडाचं लाकूड सुंदर दिसतं, हातात ऊबदार लागतं, आणि ओलाव्याने फुगतं. लॅमिनेटचा दस्ता लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून बनवलेला असल्याने तो कमी हलतो, पण वजनदार असतो. फायबरग्लास आणि कार्बन फायबर हवामानाला दाद देत नाहीत. स्वस्त साच्यातला प्लास्टिकचा दस्ता पुढच्या भागात इतका लवचीक असतो, की बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा झाडाला टेकवला की वाकून नळीला लागतो. कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळी बर्फ आणि दुपारी ऊन असतं. तिथे फायबरग्लास घ्या. अक्रोडाची हौस असेल तर आतून-बाहेरून, विशेषतः रिकॉइल पॅडखालचा (खांद्याला टेकणाऱ्या रबरी गादीखालचा) कापलेला उघडा भाग, नीट सील करून घ्या.

लेंग्थ ऑफ पुल म्हणजे चापाच्या तोंडापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुकानातल्या रायफलीत ते साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला ते लांब पडतं, वर थंडीतलं जाड जाकीट आलं की आणखी लांब. अशा वेळी खांदा मागे जातो, मान पुढे ताणली जाते आणि डोळा दुर्बिणीपासून लांब राहतो. आपल्याकडच्या अनेक स्त्री-पुरुषांना पावणेतेरा ते तेरा इंच बरोबर बसतं. माप शिकारीच्या कपड्यांतच घ्या. कोंब, म्हणजे गाल टेकतो तो वरचा काठ, योग्य उंचीचा आहे का ते असं पाहा: रायफल रिकामी असल्याची खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीचं पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. मान उचलावी लागली तर कोंब खाली आहे.

तिसरा सांधा बेडिंगचा, म्हणजे ॲक्शन दस्त्यात नेमकी बसवण्याचा. पिलर बेडिंगमध्ये ॲक्शनच्या स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात, म्हणजे स्क्रू आवळताना दस्ता चेपत नाही. ग्लास बेडिंगमध्ये रिसीव्हर आणि दस्त्यातली पोकळी एपॉक्सीने भरून ॲक्शनचा नेमका ठसा घेतात. रिकॉइल लगाची फक्त मागची बाजू टेकली पाहिजे. म्हणून पुढे, बाजूंना आणि तळाला आधी टेप लावतात. ही टेप विसरली तर लग तळाला आपटतो आणि ॲक्शन ताणाखाली राहते. एपॉक्सी सुटावी म्हणून लावायचं रिलीज एजंट विसरलं तर ॲक्शन दस्त्यातच चिकटून बसते.

तपासणी कुणीही करू शकतो. रायफल रिकामी करून, नळी वर करून धरा, नळी आणि दस्त्याच्या सांध्यावर बोट ठेवा आणि पुढचा ॲक्शन स्क्रू हळू सैल करा. बोटाखाली नळी हललेली जाणवली तर बेडिंगमध्ये ताण आहे. डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल मोजणारं माप) लावला तर दोन-तीन थाऊंपेक्षा जास्त हालचाल नको. पिलर असलेल्या रेमिंग्टन पद्धतीच्या दस्त्यात स्क्रू साधारण ६० ते ६५ इंच-पौंडांवर (आवळण्याच्या जोराचं एकक) आवळतात, पिलर नसलेल्या लाकडात ३५ ते ४५. दस्ता बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच पाळा. नळी मोकळी आहे का हे पाहायला दुमडलेला कागद नळीखालून रिसीव्हरपर्यंत सरकवा. तो कुठेही अडता कामा नये.

ट्रिगर, सेफ्टी, मॅगझिन

शिकारीच्या रायफलीला अडीच ते साडेतीन पौंडांचा, म्हणजे ओढायला तितका जोर लागणारा, चाप ठेवा. हातमोजे घातलेल्या, गारठलेल्या बोटाला याहून हलका चाप धोक्याचा आहे. चाप सुटण्याआधीची खरखरीत सरक म्हणजे क्रीप, सुटल्यानंतरची ओव्हरट्रॅव्हल. दोन्ही कमी हव्यात. एप्रिल २०१४ मध्ये रेमिंग्टनने २००६ ते २०१४ दरम्यानचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते, कारण जुळणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त लागल्याने बंदूक आपोआप सुटण्याची शक्यता होती. जुनी रेमिंग्टन बांधणीसाठी घेत असाल तर तिचा अनुक्रमांक कंपनीच्या यादीत तपासा. सेफ्टीचा तीन टप्प्यांचा प्रकार फायरिंग पिनच अडवतो आणि मधल्या टप्प्यावर सेफ्टी न काढता रायफल रिकामी करू देतो. जमल्यास तोच घ्या.

मॅगझिनमध्ये खालून उघडणारी झडप सर्वांत सोयीची. सुटी मॅगझिन भरायला झटपट, पण चढणीत हरवते. तळ बंद असलेली सर्वांत हलकी, मात्र रिकामी करायला प्रत्येक काडतूस चेंबरजवळून काढावं लागतं.

दुर्बीण

चौथ्या सांध्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. हजारो डॉलरची दुर्बीण सैल बेसवर (रिंगा धरणाऱ्या, रिसीव्हरवरच्या पट्टीवर) बसवली तर नेम रोज बदलतो. बेसचे स्क्रू ६-४८ किंवा त्याहून मजबूत ८-४० मापाचे असतात. मॅग्नमला ८-४० घ्या. स्क्रू आणि भोकं तेल काढून स्वच्छ करा आणि टॉर्क रेंचनेच (जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळा: बेस सुमारे १५ ते २० इंच-पौंड, रिंगच्या टोप्या १५ ते १८. जास्त आवळल्याने दुर्बिणीची नळी चेपते आणि आतलं ॲडजस्टमेंट अडकतं.

नेम कोनात मोजतात. एमओए (मिनिट ऑफ अँगल) म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. मिल हे दुसरं माप, तिथेच ३.६ इंच. दुर्बिणीचं ॲडजस्टमेंट आणि रेटिकल (आतली नेमाची खूण) दोन्ही एकाच मापात असू द्या. शिकारीला ३-९ किंवा ३-१५ पटींची, साडेतीन ते चार इंच आय रिलीफची (डोळा आणि दुर्बिणीतल्या अंतराची) दुर्बीण पुरते. हरणाच्या छातीचा मर्मभाग ढोबळमानाने आठ इंच धरतात. एक एमओएची रायफल ३०० यार्डांवर सव्वातीन इंचांत गोळ्या घालते. अर्ध्या एमओएसाठी आणखी पैसे ओतण्यापेक्षा आडवं न पडता, बसून किंवा काठीवर टेकवून नेम धरण्याचा सराव करा. गोळीच्या कंपनीने दिलेला किमान पसरण्याचा वेगही पाहा. तो अनेकदा १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंद असतो. त्याखाली वेग गेलेल्या अंतरावर चाप ओढू नका. जनावर जखमी होऊन निघून जातं.

वजनाची बेरीज आणि ऑर्डर

ॲक्शन २ पौंड, नळी २.७५, दस्ता १.७५, ट्रिगर व बॉटम मेटल ०.५, दुर्बीण व रिंग १.५. एकूण ८.५ पौंड, म्हणजे साधारण ३.९ किलो, पट्टा आणि काडतुसं वेगळी. .३०८ किंवा .३०-०६ साठी हे चांगलं वजन आहे. कमी हवं असेल तर आधी दुर्बीण आणि दस्ता हलका करा, नळीला शेवटी हात लावा.

गनस्मिथला लेखी द्या: काडतूस, गोळीचं नाव आणि वजन, रीमर, फ्रीबोअर, पीळ, नळीची लांबी व कंटूर, तोंडाचे आटे (.३०८ व्यासाला सहसा ५/८-२४), मॅगझिनची आतली लांबी, चापाचं वजन आणि दस्त्याची मापं. ‘तुम्ही बघून घ्या’ असं सोडलेलं प्रत्येक माप नंतर वादाचं होतं.

रायफल हातात आली की चेंबर आणि मॅगझिन रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. डमी काडतुसं मॅगझिनमधून जोरात आणि हळू, दोन्ही पद्धतीने आत घाला आणि बाहेर काढा. सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा: स्ट्रायकर (फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग) सुटता कामा नये. बोल्ट जोरात मिटून आणि दस्त्याच्या बुडाशी रबरी हातोडीने ठोकून तेच पाहा. पहिली गोळी सुटल्यावर पुंगळी उचलून बघा. प्रायमर सपाट झाला असेल, बुडावर चकचकीत गोल डाग असेल किंवा बोल्ट उचलायला जड जात असेल तर थांबा आणि गनस्मिथला दाखवा. झिरो करताना, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, तीन गोळ्यांच्या एका सुंदर गटावर विश्वास ठेवू नका. दहा गोळ्यांचा गट काढा, आणि वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं टिपून ठेवा, कारण शिकारीत तीच सुटते. पहिल्या वीस गोळ्यांनंतर ॲक्शन, बेस आणि रिंगचे सगळे स्क्रू पुन्हा टॉर्क रेंचने तपासा आणि प्रत्येकाचा आकडा रायफलीच्या वहीत लिहा.